बादली ओळखणाऱ्या गाई

गाईच्या अंगावर हात ठेवल्याशिवाय ताई तिच्याबद्दल एक अक्षर बोलत नसे. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. केस दाट असले की गाय गुबगुबीत दिसते, नुकतंच पाणी प्यायली असली की धष्टपुष्ट दिसते, आणि विकणारा गोडबोल्या असला तर काय, हाडांचा सापळाही डौलदार दिसतो. म्हणून ताई शेवटच्या तीन बरगड्यांवर तळवा ठेवायची, तिथून कमरेच्या हाडावरून शेपटीच्या मुळापर्यंत बोटं न्यायची आणि एक ते पाच यांतला एक आकडा सांगायची. एक म्हणजे नुसती हाडं, पाच म्हणजे नुसती चरबी. गुरांचे डॉक्टर शिकलेसवरलेले, पण त्यांचा आकडा ताईपेक्षा वेगळा आला तर ते मुकाट्यानं स्वतःचा खोडायचे.

अशा बाईला चौदा वर्षं फसवलं. परक्यानं नाही, सख्ख्या भावानं. आणि गंमत बघा, तिचा हात एकदाही चुकला नव्हता. गाय भरलेली आहे, एवढं हात सांगतो. ती कशानं भरली, हे त्याला कोण विचारणार?

पण हे असं मधूनच सांगून चालायचं नाही. नियमापासून सुरुवात करायला हवी, कारण सगळं त्या नियमापायी झालं.

ताई बारा वर्षांची असताना तिच्या वडिलांचा कळप एका कोरड्या वर्षात संपला. साठ गाई. मोठ्या, मऊ कातडीच्या, भरपूर दुधाच्या, आणि जन्मापासून गव्हाणीत तोंड घालायची सवय लागलेल्या. बाहेर माळावर वाळकं गवत होतं, काटेरी झुडपं होती, रानातली हरणं त्यावर जगली. या गाई मात्र माळाकडे ढुंकूनही बघेनात. पेंड संपली, भुसा संपला, तरी त्या रिकाम्या गव्हाणीपाशीच उभ्या राहिल्या आणि तिथंच एकेक करून बसल्या. बसल्या त्या उठल्या नाहीत. ताईनं त्या मोजल्या होत्या. तिचा धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा. तो झाडाची पानं ओरबाडून आणायचा, प्रत्येकीच्या तोंडापुढे धरायचा आणि रडायचा.

एकाच गोष्टीतून दोन माणसं काय काय शिकतात बघा. ताई शिकली, की गाईला आपल्या हाताची सवय लावणं म्हणजे तिला मारणं. धाकटा शिकला, की भुकेली गाय आपल्याच्यानं बघवत नाही. दोघांनी हे एकमेकांना कधी सांगितलं नाही. दोघांनाही वाटायचं, यात सांगण्यासारखं काय आहे.

मोठी झाल्यावर ताईनं कळप पुन्हा उभा केला, पण निराळ्या गाईंचा. ठेंगण्या, जाड कातडीच्या, दूध बेताचं. आणि नियम केला. कोरड्या तीन महिन्यांत गाईनं माळावर मिळेल ते खायचं, आपण फक्त पाणी द्यायचं. पेंड नाही, भुसा नाही, गोचिडांवरचं औषधसुद्धा नाही. एवढ्यावर जी तगेल आणि वर्षाच्या वर्षाला गाभण राहील ती आपली. जी एकदा चुकली ती बाजारात. वयाची सवलत नाही, लाड नाही, ‘बिचारी’ हा शब्द तर नाहीच नाही. त्यातच आणखी एक पोटनियम होता. त्या तीन महिन्यांत कळपात रोज एकच माणूस जाईल, पाण्याचं बघेल आणि परत येईल. माणसांची वर्दळ झाली की गाई माणसांच्या वाटेकडे डोळे लावून बसतात आणि चरायचं विसरतात, असं तिचं म्हणणं. हा पोटनियम लक्षात ठेवा. तो ताईनं स्वतःच केला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं खडे फोडायची सोय नाही.

कळपाचे दोन भाग केले. घराला लागून असलेलं पुढचं कुरण ताईचं, टेकडीपलीकडचं मागचं कुरण धाकट्याचं. कोरडे महिने संपले की दोन्हीकडच्या गाई एका आवारात आणायच्या. ताई एकेकीवर हात फिरवायची, डॉक्टर गाभण किती ते तपासायचे, आणि जी जायची तिच्या पाठीवर ताई खडूनं फुली मारायची.

पहिली काही वर्षं दोन्ही कळप सारखेच निघाले. मग एक फार वाईट वर्ष आलं. त्या वर्षी ताईच्या गाईंचे आकडे आले दोन, दोन, दीड. धाकट्याच्या गाईंचे आले तीन, साडेतीन, आणि एकूण एक गाभण. ताईनं परत परत हात लावून बघितलं. मग सगळ्यांसमोर धाकट्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “शाबास रे. तुझ्याकडच्या गाईंचं रक्तच वेगळं आहे.” ही बाई जन्मात कुणाला शाबास म्हणत नाही. धाकटा लाजून लाल झाला. लाजूनच झाला असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हापासून हे ठरूनच गेलं. दरवर्षी ताई आपल्याच गाईंवर फुल्या मारायची आणि त्यांच्या जागी धाकट्याच्या गाईंच्या कालवडी आणायची. त्या कालवडी पुढच्या कुरणात आल्या की दोन वर्षांत खंगायच्या. दुसऱ्या कुणाला तिथंच शंका आली असती. ताईला शंका आली ती गवताची. पुढच्या कुरणाची मातीच धुपली आहे, गवतात कस उरला नाही, असं तिनं ठरवून टाकलं आणि पाच वर्षांपूर्वी ते कुरण बंद करून सगळा कळप टेकडीपलीकडे धाकट्याच्या ताब्यात दिला. मातीवर आळ घेतला, पण भावावर घेतला नाही. मधे एकदा खालच्या पठारावरून, ताईकडून वळू विकत नेलेला एक माणूस तक्रार घेऊन आला होता. म्हणाला, तुमच्या वळूच्या कालवडी कोरड्यात बसतात हो. ताईनं त्याला उभ्या उभ्या झापलं, “तुम्हीच लाडावून ठेवल्या असतील,” आणि दारातूनच वाटेला लावलं.

आणि बुटकी. बुटकीचं सांगायलाच हवं. ती ताईच्या कळपातली, कळपात सगळ्यांत ठेंगणी, एक शिंग खाली वळलेलं. कोरड्यात तिची हाडं मोजून घ्यावीत अशी व्हायची, आकडा दोनच्या वर कधी गेला नाही, पण सात वर्षांत सात वासरं. ताई संध्याकाळी कुरणाच्या कुंपणाशी उभी राहिली की बुटकी येऊन पलीकडे उभी राहायची. काही मागायची नाही. नुसती उभी राहायची. ताईला एवढी सोबत करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. आठव्या वर्षी बुटकी रिकामी निघाली. डॉक्टर म्हणाले, “ताई, सात वर्षं दिलीत तिनं. एक वर्ष सोडा की.” त्याच दिवशी धाकट्याच्या पंचवीसपैकी पंचवीस गाभण निघाल्या होत्या. त्यांच्याकडे बघत ताईनं बुटकीच्या पाठीवर फुली मारली. फुली वाकडी आली. ट्रकमध्ये चढवताना बुटकीची दोरी धाकट्यानं धरली होती. ताई घरात जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

आता यंदाचं. कोरड्याचा दुसरा महिना चालू होता. डोंगरापलीकडून निरोप आला होता, की तिकडच्या अकरा घरांना मिळून एक वळू हवा आहे, तोही ताईच्याच कळपातला हवा. तिथं सगळा काटाच काटा, पाणी दोन कोसांवर, विकत आणून घालायची कुणाची ऐपत नाही. एकदा वळू नेला की पुढची सात-आठ वर्षं अकरा घरांची सगळी वासरं त्याचीच. ताईनं त्यांच्यासाठी काळ्या निवडला होता. तीन वर्षांचा, रुंद छातीचा, कोरड्यातही अंगानं भरलेला. तिच्या सगळ्या आयुष्याची कमाई म्हणा ना. ती त्याच्याकडे बघायची तेव्हा वडिलांच्या साठ गाई जरा कमी आठवायच्या.

त्यातच धाकट्याच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी, बजावलं होतं, दहा दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही.

“कळपाकडे मी जाते,” ताई म्हणाली.

“तू कशाला?” धाकटा घाईघाईनं म्हणाला. “हिला पाठवतो. एरवीही दुपारचा डबा घेऊन कुंपणापर्यंत येतेच ती, तिला सगळं माहीत आहे.”

“तिला तुझ्याजवळ थांबू दे. इस्पितळात कोण बसणार, मी?”

“एक दिवस कुणी नाही गेलं तरी चालेल गं. टाकी भरलेली आहे.”

“टाकीत शेवाळ झालं असेल.”

“ताई, तुझे गुडघे—”

“माझे गुडघे माझ्यापाशी राहू देत,” ताई म्हणाली, आणि विषय संपला. भावजय तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं एकाच सदऱ्याची तीनदा घडी घातली, पण ताईचं कुठं लक्ष होतं.

ती दोघं सकाळच्या गाडीनं इस्पितळाला गेली आणि दुपारी ताई टेकडी ओलांडून मागच्या कुरणात गेली. कोरड्या महिन्यांत तिथं पाऊल टाकायची तिची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. काळ्याला तिनं आधीच खाली घराजवळच्या आवारात आणून ठेवलं होतं, त्यामुळे इथं होत्या चाळीस गाई आणि वासरं. कळप लांब उतारावर पांगलेला होता. ताईनं मान हलवली, हातातली काठी भिंतीला टेकवली. टाकीत खरंच शेवाळ होतं. ते काढायला काहीतरी हवं म्हणून तिनं टाकीशेजारच्या छपराखाली बघितलं. खुंटीला एक लोखंडी बादली टांगलेली होती. तिनं ती काढली. कडी गंजलेली होती, ती करकरली.

उतारावरची पहिली गाय मान वर करून बघायला लागली. मग दुसरी. ताई बादली घेऊन टाकीकडे निघाली, कडी पावलागणिक करकरत होती, आणि तिच्या मागं जमीन दणाणायला लागली. तिनं वळून बघितलं. चाळीस गाई पळत येत होत्या. वासरं आयांना मागं टाकून येत होती. ताईला वाटलं, वाघरू मागं लागलं की काय. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

गाई तिच्याकडे आल्याच नाहीत. छपराला वळसा घालून मागच्या लांब दगडी भिंतीशी गेल्या आणि तिथं ओळीनं उभ्या राहिल्या. ढकलाढकली नाही, शिंग मारणं नाही. प्रत्येकीची जागा ठरलेली. एक पांढरी गाय चुकून दुसरीच्या जागी शिरली, तिला पलीकडचीनं मानेनं बाजूला सारलं आणि ती निमूट आपल्या जागी गेली. मग चाळीसच्या चाळीस माना वळल्या आणि ताईच्या हातातल्या बादलीकडे बघत राहिल्या.

जिनं जन्मात बादलीतून खाल्लं नाही ती गाय बादलीला बुजते. शेपूट वर करून पळते. हे ताईनंच लोकांना शंभरदा सांगितलं होतं.

ती भिंतीजवळ गेली. भिंतीच्या पायाशी दगडी पन्हळ होती, आणि तिचा तळ गुळगुळीत झाला होता. दगड असा एका-दोन वर्षांत गुळगुळीत होत नाही. त्याला जिभा लागतात, आणि पुष्कळ वर्षं लागतात. छपराच्या टोकाला एक खोली होती. तिथं जुनी अवजारं आहेत, साप निघतात, तू जाऊ नकोस, असं धाकट्यानं सांगितलेलं. कुलूप नवं होतं. ताईनं दगड घेतला आणि कुलूप फोडलं. आत छतापर्यंत पेंडेची पोती होती, एकावर एक, नीट रचलेली. धाकटा कामाचा टापटिपीचा, हे खरं.

ताई पोत्यावर बसली. तिला आधी रागही आला नाही. तिला आठवायला लागलं. दर मंगळवारी पेंडवाल्याची गाडी टेकडीच्या मागच्या रस्त्यानं जायची. तो ताईला हात करायचा, “काय म्हणतोय कळप?” विचारायचा आणि हसायचा. ती म्हणायची, “तुमच्या धंद्याला आमचा काही उपयोग नाही हो.” तो आणखी हसायचा. म्हणजे त्याला माहीत. भावजयीला माहीत. गाडीवरच्या हमालाला माहीत. अख्ख्या जगाला माहीत होतं, आणि हिलाच तेवढं नाही. खालच्या पठारावरचा तो माणूस आठवला. आणि मग बुटकी आठवली, आणि ताई तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ तशीच बसली. आपल्या कळपातल्या गाई रोड होत्या, कारण त्या खरोखरच उपाशी राहून जगत होत्या. त्या जगत होत्या. आणि आपण त्यांनाच वेचून वेचून काढलं.

बाहेर एक गाय हंबरली. मग सगळ्या हंबरायला लागल्या.

संध्याकाळी धाकटा आणि भावजय घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती बादली ठेवलेली होती. धाकट्याच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्या डोळ्यानं त्यानं बादली बघितली आणि तो खुर्चीवर बसला.

“किती वर्षं?” ताईनं विचारलं.

“चौदा.”

“वन्सं, मी सांगणार होते—” भावजय रडायला लागली.

“तू दुपारचा डबा न्यायचीस. मी शेजारणीला सांगायची, बघा किती जीव लावते नवऱ्याला. अगं, तू हात लावायला जात होतीस.”

“चाळीस जणींना एकट्यानं घालायचं म्हणजे वेळ जातो हो, वन्सं,” भावजय डोळे पुसत म्हणाली. खरंच बोलली, त्याला काय करणार.

धाकटा हळूहळू बोलला. “त्या वाईट वर्षी तीन गाई बसल्या होत्या. बसलेली गाय मला बघवत नाही. म्हटलं, एवढ्या तिघींना उठवू आणि थांबू. पण बाकीच्या बघत होत्या ना. मग सगळ्यांनाच घातलं. म्हटलं, निवडीच्या दिवशी तुला सांगेन, तू ओरडशील आणि संपेल. तर तू शाबास म्हणालीस.”

“म्हणून?”

“उभ्या जन्मात पहिल्यांदा म्हणालीस, ताई. तोंड उघडवेना. पुढच्या वर्षी नाही घातलं असतं तर सगळ्या उघड्या पडल्या असत्या. मग दरवर्षी घालावंच लागलं.”

“आणि मी दरवर्षी माझ्या चांगल्या गाई काढत गेले. तुझ्या डोळ्यांदेखत.”

धाकट्यानं बादली बाजूला सारली.

“बुटकीच्या दिवशी तू तिथंच होतास. दोरी तुझ्या हातात होती. एक शब्द बोलला असतास तर ती राहिली असती.”

“मला वाटलं, तिच्यासाठी तरी तू नियम मोडशील,” धाकटा म्हणाला.  “मी वाट बघत होतो. तू म्हणाली असतीस ना, राहू दे हिला, तर मी त्याच क्षणी सगळं सांगितलं असतं. तुला दया येते एवढं मला दिसायला हवं होतं.”

“माझी परीक्षा घेत होतास. माझ्या गाईवर.” ताईचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. “तुला मी कडेवर घेऊन वाढवलं. माझ्याशी भांडला असतास, नियम गाढवपणाचा आहे म्हणाला असतास, कळप वाटून मागितला असतास, सगळं चाललं असतं मला. तू गोड बोलून माझा गळा कापलास, आणि वर दरवर्षी माझी शाबासकी घेतलीस.”

धाकट्यानं डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग धाकटा म्हणाला, “उद्या डोंगरवाले काका येणार आहेत. काळ्याला जाऊ दे, ताई. दिसायला तो खराच देखणा आहे. कुणाला काही कळणार नाही. तुझं नाव राहील.”

“अकरा घरांच्या वासरांना कळेल,” ताई म्हणाली आणि बादली उचलून बाहेर गेली.

सकाळी डोंगरवाले काका आले. सत्तरीचा माणूस, काटक, खांद्यावर नवी कोरी दोरी. ट्रक वळणावर उभा करून चालत आले. आवारातल्या काळ्याभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या, खूर बघितले, आणि ओट्यावर बसून चहा घ्यायला लागले. धाकटा दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याचा तो एक डोळा ताईवरून हलत नव्हता.

“बाई, तुम्हाला वाटेल, एवढ्या लांबून हा म्हातारा माझ्याकडेच का आला,” काका म्हणाले. “नऊ वर्षांमागं मी बाजारात एक गाय घेतली. पाठीवर खडूची फुली. चौकशी केली तर तुमच्या घरची निघाली. ठेंगणी, एक शिंग असं खाली. खाटकाशी सौदा ठरतच आला होता, मी मधे पडलो. आमच्याकडे काय, काट्याशिवाय काही नाही. तरी नऊ वर्षांत आठ वासरं दिली तिनं. एकही मेलं नाही. तेव्हा मी घरच्यांना म्हटलं, जिला त्या बाईंनी फुली मारून काढून टाकलं ती अशी, तर ज्या ठेवल्या त्या कशा असतील.”

ताईनं हातातली कपबशी खाली ठेवली. 

“आहे अजून?” तिनं विचारलं.

“आहे की. दात गेले, पण कळपात अजून तीच पुढं. सुनेनं तिच्यासाठी बादलीतून भरडा नेला, तर बादली बघून अशी बुजली, दोन दिवस घराकडे फिरकली नाही.” काका हसले. ताईही हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. काकांना वाटलं, बाईंना गाईची माया. त्यांनी सभ्यपणानं दुसरीकडे बघितलं.

ताईनं डोळे पुसले आणि ओट्याखालची बादली काढून काकांच्या हातात दिली. “काळ्यापुढे जरा हलवून बघा.”

काकांना कळलं नाही, पण ते आवारात गेले. कडी करकरली. एवढा रुंद छातीचा काळ्या, तीन उड्यांत आला आणि रिकाम्या बादलीत तोंड घालून उभा राहिला. काकांनी बादली बाजूला घेतली, तो बादलीमागं गेला. ती पाठीमागं धरली, तो काकांना वळसा घालून गेला. काकांनी बादली खाली ठेवली. चेहऱ्यावरचं हसू गेलेलं होतं.

“याच्या आईला, आजीला, सगळ्यांना कोरड्यात पेंड घातली गेली आहे,” ताई म्हणाली. “चौदा वर्षं. तुमच्या डोंगरावर हा पहिल्या वर्षी बसेल, आणि याची वासरं त्याच्या पुढच्या वर्षी. हा मी देऊ शकत नाही.”

“कुणी घातली?”

दारातली खुर्ची वाजली. ताईनं तिकडे बघितलं नाही. “कळप माझा,” ती म्हणाली. “कुणी घातली ते माझं मी बघेन. तुम्हाला उत्तर मी द्यायचं.”

काकांनी दोरी परत खांद्यावर घेतली. आता ते उठून जातील असं ताईला वाटलं. तिनं पटकन विचारलं, “तिचा एखादा गोऱ्हा आहे का तुमच्याकडे? बुटकीचा. मला हवा आहे. मागायला मी येईन तुमच्या दारी.”

“दोन आहेत.” काका जरा घुटमळले. “पण रागावू नका, बाई, विचारायलाच हवं. इथं कोरड्यात त्याच्याकडे कोण बघणार?”

हा प्रश्न आजवर ताई लोकांना विचारत आली होती. गोऱ्हा नेणाऱ्या प्रत्येकाला, डोळ्यांत डोळे घालून. “मी,” ती म्हणाली. “मी एकटी.”

काका गेले. वळणावरून ट्रकचा आवाज आला आणि रिकामाच लांब गेला.

“ताई,” धाकटा म्हणाला. तो उठून ओट्याच्या कडेशी आला होता, आणि त्याच्या त्या एका डोळ्यातून पाणी वाहत होतं. “बुटकी जिवंत आहे गं.”

“हो,” ताई म्हणाली. “परक्या माणसानं तिला वाचवलं. घरच्यानं नाही.”



दुपार होत आली होती. टेकडीपलीकडे चाळीस गाई दगडी भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या असतील, आपापल्या जागी. आज अचानक पेंड बंद केली तर त्या चरायला जाणार नाहीत, तिथंच बसतील, हे ताईला जगातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. त्या गाईंचा काही गुन्हा नव्हता. आता वासरांनी आयांचं बघून शिकू नये म्हणून एकेकीला वासरापासून तोडून, थोडं थोडं कमी करत, वर्षानुवर्षं ती सवय काढावी लागणार होती, आणि तोवर घालावंच लागणार होतं. तिलाच. जिनं आयुष्यात कोरड्यात गाईपुढे एक काडी टाकली नव्हती तिला. तिनं आवारात जाऊन बादली उचलली.

धाकटाही चप्पल घालायला लागला. “मी येतो. जड पडेल तुला. पोती फोडायची असतात, भिजवायचं असतं, तुला माहीत नाही कुणाला किती—”

“कोरड्याचे महिने आहेत,” ताई म्हणाली. “कळपात एकच माणूस जातो.”

आणि ती टेकडीच्या वाटेला लागली. बादलीची कडी करकरत होती. पलीकडून गाई हंबरायला लागल्या होत्या.